गाडी आधी थांबली पाहिजे

अ‍ॅव्हेंजरची सीट जमिनीपासून ७१० मिलीमीटरवर आहे. माझी उंची पाच फूट एक इंच. बाकीच्या बहुतेक मोटारसायकलींवर बसलं की माझे चवडे तेवढे टेकतात, टाचा अधांतरी राहतात. चढावर सिग्नलला थांबायचं म्हटलं की कंबर एका बाजूला कलवावी लागते. अ‍ॅव्हेंजरवर दोन्ही पावलं सपाट जमिनीवर बसतात. क्रूझर गाड्यांबद्दल लोक रुबाबाचं, हायवेचं, मोकळ्या वाऱ्याचं बोलतात. माझ्या लेखी त्यांचा सगळ्यात मोठा गुण हा की ठेंगण्या माणसालाही त्यांच्यावर निर्धास्त बसता येतं. म्हणूनच साताऱ्याच्या घरी पत्र्याच्या शेडमध्ये दादाची २००७ सालची अ‍ॅव्हेंजर दोनशे वर्षानुवर्षं धूळ खात पडली होती, ती मी मागून घेतली. दादानं किल्ली दिली, कागद दिले आणि म्हणाला, "बघ बाई. होईल तेवढं कर, नाही झालं तर विकू नकोस, परत आणून ठेव."

मी कोल्हापूरला आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवते. कानस, व्हर्निअर, मायक्रोमीटर हे माझं रोजचं. इंजिन बांधणं हा माझा धंदा नव्हे, माप घेणं हा मात्र आहे. ही गाडी पुन्हा उभी करताना एक गोष्ट मला ठाम पटली: या कामातलं बरंचसं शहाणपण क्रमात आहे. आधी गाडी थांबली पाहिजे. मग ती सरळ चालली आणि नीट वळली पाहिजे. मग पळाली पाहिजे. दिसण्याचा नंबर सगळ्यात शेवटी. बहुतेक जण उलट्या टोकाकडून सुरू करतात. रंग, क्रोम, नवी सीट, मोठा आवाज करणारा सायलेन्सर, यातच पैसे संपतात आणि ब्रेक जुनेच राहतात. क्रूझरच्या बाबतीत हे जास्त धोक्याचं आहे, ते तिच्या बांधणीमुळे.

क्रूझरची दोन चाकं एकमेकांपासून लांब असतात. अ‍ॅव्हेंजरच्या दोन्ही चाकांच्या आसांमधलं अंतर १४७५ मिलीमीटर आहे. त्या काळच्या पल्सर दीडशेपेक्षा साधारण दीडशे मिलीमीटर जास्त. पुढचा फोर्क जास्त तिरपा, पुढे झुकलेला. पुढचं चाक बारीक आणि मोठं, ९०/९०-१७. मागचं जाड आणि लहान, १३०/९०-१५. चालवणारा खाली आणि मागे बसतो, पाय पुढे, हँडल हातापर्यंत मागे आलेलं. या मांडणीमुळे गाडी सरळ रस्त्यावर स्थिर राहते, वाऱ्याच्या झोतानं किंवा ट्रकच्या हवेनं सहज डगमगत नाही. पण वळणाला ती सावकाश वळते. वजन मागच्या चाकावर जास्त, म्हणून साध्या मोटारसायकलीपेक्षा हिचा मागचा ब्रेक जास्त काम करतो. तो ढिला सोडून चालत नाही. आणि पाय पुढे असल्यामुळे खड्डा आला की पायांवर जोर देऊन सीटवरून उठता येत नाही. प्रत्येक हादरा थेट माकडहाडाला पोचतो. मागचे शॉकअप आणि सीटचा फोम या गोष्टी क्रूझरवर चैनीच्या नाहीत, त्या पाठीच्या कण्याच्या रक्षणाच्या आहेत.

ही गाडी आली कुठून, तेही थोडक्यात सांगते. बजाज आणि कावासाकी यांचं तांत्रिक सहकार्य १९८४ पासूनचं. कावासाकीनं एलिमिनेटर हे नाव १९८५ साली अमेरिकेत गाजलेल्या आपल्या मोठ्या गाडीला दिलं होतं. तेच नाव घेऊन २००१ मध्ये बजाजनं पावणेदोनशे सीसीच्या आसपासची छोटी क्रूझर भारतात आणली. इंजिन कावासाकीचं होतं, गाडी देखणी होती, पण सर्वसामान्याला महाग. २००५ मध्ये बजाजनं तोच सांगाडा ठेवून त्यात पल्सर एकशेऐंशीचं इंजिन बसवलं, किंमत उतरवली आणि नाव ठेवलं अ‍ॅव्हेंजर. २००७ मध्ये दोनशे सीसी आलं, २०१० मध्ये दोनशेवीस. रॉयल एनफिल्डची थंडरबर्ड आणि यामाहाची एन्टायसर याही त्याच दशकातल्या. आज एन्टायसरचे सुटे भाग शोधताना माणसं हैराण होतात. अ‍ॅव्हेंजरवाल्यांचं तसं होत नाही, आणि त्याचं कारण २००५ सालच्या त्या निर्णयात आहे. इंजिन पल्सरच्या कुळातलं. पल्सर गावोगावी. त्यामुळे गॅस्केटपासून क्लचप्लेटपर्यंत पुष्कळ गोष्टी तालुक्याच्या दुकानातही सापडतात. जुनी क्रूझर घ्यायचा विचार असेल तर पहिला प्रश्न "चालते कशी" हा नको. "हिचं इंजिन आणखी कुठल्या गाडीत होतं?" हा विचारा.

गाडी टेम्पोत घालून कोल्हापूरला आणली आणि उद्यमनगरातल्या एका गॅरेजात उतरवली. उद्यमनगर म्हणजे फौंड्र्या, लेथ, ऑइल इंजिनं. एका गल्लीत बोअरिंग, दुसरीत वेल्डिंग, तिसरीत हवा तो बोल्ट. तिथले मेस्त्री माझ्या वडिलांच्या वयाचे. ते गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "मॅडम, किल्ली लावू नका. सेल्फ तर अजिबात नको."

त्यामागचं कारण असं. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल खाली उतरून गेलेलं असतं. रिंगा जिथे थांबलेल्या, तिथे गंज धरतो. अशा वेळी सेल्फ मारला तर त्या रिंगा गंजाला खरवडत वर-खाली होतात आणि चांगला ब्लॉक एका सेकंदात वाया जातो. मेस्त्रींनी दोन्ही प्लग काढले, भोकांतून थोडं थोडं इंजिन ऑइल सोडलं आणि गाडी तशीच राहू दिली. मग मॅग्नेटच्या बाजूचं झाकण काढून क्रँकच्या नटाला पाना लावून हातानं अगदी हळू फिरवलं. इंजिन फिरलं. पण एका जागी हाताला किंचित खरखर लागत होती. "इथं बसलीया रिंग," मेस्त्री म्हणाले. इंजिन उघडणं आलंच होतं, पण त्याआधी आम्ही ब्रेककडे वळलो.

पुढची डिस्क हातानं ढकलून बघितली तर चाक फिरताना जड. दाब सोडल्यावरही पॅड डिस्कला चिकटून राहत होते. कॅलिपर उघडल्यावर जे दिसलं ते प्रत्येक जुन्या गाडीच्या मालकानं एकदा बघावं. कॅलिपरच्या पिस्टनभोवती चौकोनी काटाची एक रबरी सील असते. तिचं काम फक्त तेल अडवणं नाही. ब्रेक दाबला की पिस्टन पुढे सरकतो आणि ही सील त्याच्याबरोबर किंचित पिळली जाते. ब्रेक सोडला की सील सरळ होताना पिस्टनला केसभर मागे ओढते. डिस्क ब्रेकला वेगळी स्प्रिंग नसते, हीच सील ते काम करते. आमच्या कॅलिपरमध्ये सीलच्या खाचेत पांढुरका, कडक थर बसला होता, त्यामुळे सीलला पिळायला जागाच उरली नव्हती. तो थर लाकडी काडीनं, ब्रेकच्याच तेलात भिजवून, हळूहळू काढावा लागतो. स्क्रूड्रायव्हर घातला तर खाचेला ओरखडा पडतो आणि गळती सुरू होते. हे काम मी स्वतः केलं. संध्याकाळ गेली, पण हात लावावा असं काम आहे.

ब्रेकचं तेल हवेतली ओल शोषतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. डॉट-४ तेल नवं असताना २३० अंश सेल्सिअसच्या वर उकळतं. ओल मुरल्यावर त्याची हद्द १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. घाटात उतरताना सतत ब्रेक दाबून कॅलिपर तापला आणि आत तेल उकळलं की वाफ होते. वाफ दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. लिव्हर सरळ हँडलपर्यंत येतो आणि गाडी थांबत नाही. म्हणून तेल दर दोन वर्षांनी बदलायचं, मग गाडी चाललेली असो वा नसो. आमच्या डबीतलं तेल काळ्या चहासारखं झालं होतं. ते फेकलं, मास्टर सिलिंडरचं किट बदललं, आणि रबरी नळीच्या जागी स्टीलच्या जाळीची नळी घातली. जुनी रबरी नळी आतून फुगते, दाबाचा काही भाग तिला फुगवण्यातच जातो. मागच्या ड्रमचे लायनर काचेसारखे गुळगुळीत झाले होते. तेही नवे घातले, ब्रेकचा कॅम साफ करून ग्रीस लावलं. या गाडीवर केलेल्या सगळ्या सुधारणांमध्ये पैशाच्या मानानं सर्वांत जास्त फरक पडला तो इथे.

मग वळणं. पुढचं चाक उचलून हँडल एका बोटानं डावीकडून उजवीकडे सावकाश न्यायचं. मधोमध कुठे "टक" करून अडल्यासारखं झालं तर कोनसेट, म्हणजे हँडलची बेअरिंगं, गेला. हँडल बहुतेक वेळ सरळच असतं, त्यामुळे खड्ड्यांचे सगळे दणके बॉल एकाच जागी सोसतात आणि वाटीत बारीक खळगे पाडतात. क्रूझरचा फोर्क तिरपा असल्यामुळे ही खोट चटकन जाणवते. गाडी सरळ रेषेत सतत किंचित डुलत राहते आणि चालवणाऱ्याला वाटतं टायर खराब. कोनसेट, दोन्ही चाकांची बेअरिंगं, स्विंग आर्मचे बुश, फोर्कचं तेल आणि सील, सगळं एकदमच बदललं. चाकाचा आऊट काढायला तारा ओढणारे एक चाचा अजून त्या गल्लीत बसतात. आरीवर पाना वाजवून आवाजावरून सैल-घट्ट ओळखतात.

टायरचं वय टायरवरच लिहिलेलं असतं. बाजूच्या भिंतीवर लांबट चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. दादाच्या गाडीच्या मागच्या टायरवर ४११० होतं, म्हणजे २०१० सालचा ४१वा आठवडा. नक्षी जवळजवळ नव्यासारखी, पण रबर कडक, खाचांच्या तळाशी बारीक भेगा. नक्षी बघून टायर चांगला म्हणणारा विक्रेता भेटला तर त्याला हे चार आकडे वाचायला सांगा.

आता इंजिन. हेड उतरवलं, ब्लॉक काढला. या इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास मूळचा ६७ मिलीमीटर, पिस्टनचा फेरा ५६.४ मिलीमीटरचा, त्या हिशेबानं १९८.८ सीसी. मी बोअर गेज घेऊन बसले. माप वर, मध्ये आणि खाली घ्यायचं, आणि प्रत्येक जागी दोन दिशांनी: गाडीच्या लांबीत आणि आडवं. सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. वरच्या टोकाशी, जिथे वरची रिंग येऊन थांबते, तिथे स्फोटाचा दाब सर्वांत जास्त आणि तेल सर्वांत कमी, म्हणून झीज तिथे जास्त. आडव्या दिशेपेक्षा लांबीच्या दिशेत जास्त, कारण कनेक्टिंग रॉड तिरपा होताना पिस्टनला त्या भिंतींवर रेटतो. आमच्या ब्लॉकची झीज मापात फार नव्हती. पण भिंतीवर, हाताला खरखर लागली त्याच जागी, गंजाची एक आडवी रेघ होती. ती नुसत्या होनिंगनं जाणारी नव्हती. मग दोन वाटा उरतात: बोअर करून वाढीव मापाचा पिस्टन घालणं, किंवा नवा ब्लॉक-पिस्टन संच. संच सहज मिळत असताना मी दुसरी वाट धरली. बोअरिंग चांगलं करणारा हात मिळाला तर पहिलीही तितकीच चांगली, पण त्या हातावर सगळं अवलंबून असतं.

नवा संच म्हणून डोळे झाकून बसवायचा नसतो. रिंग सिलिंडरमध्ये सरकवून, पिस्टनच्या डोक्यानं सरळ करून, तिच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजनं मोजायची. फट फार मोठी तर दाब निसटतो. फार लहान तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग मोडते. माझ्या वर्गातल्या मुलांना मी हे फळ्यावर शिकवते. यावेळी गॅरेजात शिकवलं. शनिवारी दोघी-तिघी विद्यार्थिनी यायच्या. मेस्त्रींनी त्यांच्याकडून व्हॉल्व्ह घासून घेतले. घासून झाल्यावर परीक्षा साधी: व्हॉल्व्ह बसवून पोर्टमध्ये पेट्रोल ओतायचं आणि ज्वलनकक्षाच्या बाजूनं बघत राहायचं. ओल आली नाही तर बसलं. एका मुलीच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हनं थेंब सोडला. तिनं न सांगता तो पुन्हा काढला, पुन्हा पेस्ट लावली. मेस्त्री काही बोलले नाहीत, तिला चहा मात्र स्वतः उठून आणून दिला.

धुराबद्दल लोक नेहमी विचारतात. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. सकाळी चालू करतानाच निळा झोत येऊन मग थांबत असेल तर बहुधा व्हॉल्व्हच्या सीलमधून रात्रभर तेल झिरपलेलं असतं, ते काम स्वस्त. रेस केल्यावर सतत येत असेल तर रिंगा-ब्लॉक बघा. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त. थंडीत सुरुवातीला येणारी पांढरी वाफ ही नुसती ओल, घाबरायचं कारण नाही. जुनी गाडी घ्यायला जाताना इंजिन थंड असताना जा. विकणाऱ्यानं आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा.

या इंजिनाला एका सिलिंडरवर दोन प्लग आहेत. रुंद सिलिंडरमध्ये एकाच बाजूनं ठिणगी पडली तर ज्वाळेला पलीकडच्या भिंतीपर्यंत पोचायला वेळ लागतो. दोन्ही बाजूंनी पेटवलं की ज्वलन लवकर आणि नीट होतं. पण यातली मेख अशी की एक प्लग मेला तरी गाडी चालते. थोडी मंद, थोडी पेट्रोल खाणारी, पण चालते, आणि मालक म्हणतो गाडी जुनी झाली. दोन्ही प्लगांची ठिणगी एकेक करून तपासा.

पेट्रोलचा प्रश्न हल्ली नवा झाला आहे. आता पंपावर मिळतं त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. माझी गाडी घडवली तेव्हा असं पेट्रोल कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हतं. इथेनॉल ओल खेचतं, जुन्या जातीचं रबर फुगवतं किंवा कडक करतं. त्यात स्वतःचा प्राणवायू असल्यामुळे मिश्रण पातळ होतं. इंजेक्शनच्या गाड्यांतला संगणक ते थोडंफार सांभाळून घेतो, कार्ब्युरेटर सांभाळू शकत नाही. आम्ही पेट्रोलची नळी, फ्लोटची सुई, सगळ्या ओ-रिंगा इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घातल्या. कार्ब्युरेटरमधला पातळ रबरी पडदा उजेडासमोर धरून बघितला, त्याला टाचणीएवढं भोक होतं. गाडी वेग घेत नाही ही दादाची जुनी तक्रार त्या भोकातून आलेली. टाकी आतून गंजली होती, ती साफ करून घेतली. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरून ठेवावी, म्हणजे ओलसर हवेला जागा राहत नाही. त्याहून जास्त राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करावा.

अ‍ॅव्हेंजर दोनशेला किक नाही, सगळी भिस्त बॅटरीवर. त्यामुळे वायरिंगला मी इंजिनाइतकाच वेळ दिला. कधीतरी कुणीतरी तारा पिळून वर चिकटपट्टी गुंडाळली होती. आत तांबं हिरवं पडलेलं. एक युक्ती सांगते. बॅटरी नवी असून सेल्फ दमतो, तेव्हा मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरं इंजिनाच्या धातूला लावा आणि सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर तेवढा दाब अर्थच्या तारेतच वाया जातो आहे. आमच्याकडे एक व्होल्टच्या वर दिसलं. जोडणीखालचा रंग आणि गंज घासून काढला, तार बदलली, सेल्फ पहिल्या झटक्यात फिरला. गाडी चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. कमी तर बॅटरी भरत नाही, जास्त तर उकळते.

एवढं सगळं झाल्यावर रंग. चॅसीला पावडर कोटिंग केलं. त्यात भट्टीचं तापमान दोनशे अंशांच्या आसपास जातं, म्हणून आधी प्रत्येक रबर, बुश, प्लास्टिक काढून घ्यावं लागतं. आणि चॅसी नंबरवर पट्टी चिकटवायला सांगणं विसरू नका. जाड थराखाली तो नंबर बुजला तर आरटीओत पेन्सिलीचा ठसा उमटत नाही, आणि मग आपली गाडी आपलीच आहे हे सिद्ध करत बसावं लागतं. क्रोमचं खरं काम खालच्या थरांत असतं. डोळ्यांना दिसणारी चमक बरीचशी निकेलची. वरचा क्रोमचा थर मायक्रॉनपेक्षाही पातळ, निकेलला काळवंडू न देण्यापुरता. स्वस्तात क्रोम करून देतो म्हणणारा निकेलमध्ये हात आखडतो आणि पहिल्या पावसाळ्यात पुरळ उठतं. मी फक्त हँडल आणि हेडलाइटचं भांडं नव्यानं करून घेतलं. बाकीच्या क्रोमवरच्या ठिपक्यांना गाडीच्या वयाचा मान म्हणून राहू दिलं.

कागदांची वाट स्वतंत्र आहे. नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर फॉर्म २५ भरून, गाडी दाखवून, पर्यावरण कर भरून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवून घ्यावी लागते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की उत्पादकानं ठरवलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तो बदल करता येत नाही. रंग बदलला तरी तो आरसी बुकात नोंदवावा लागतो. काही जणांना हा कायदा जाचक वाटतो. मला वाटत नाही. चॅसी कापून, फोर्क आणखी तिरपा करून पळवलेल्या गाड्या मी बघितल्या आहेत. त्या वेल्डिंगच्या जोडावर माझ्या मुलांना मी पायही ठेवू देणार नाही.

म्हणून सुधारणा करताना गाडीचा मूळ स्वभाव जपायचा. ब्रेकची नळी, नवे टायर मूळ मापाचेच, मागे चांगले शॉकअप, आणि सीटचा फोम गादीवाल्याकडून दोन थरांत बसवून घेतला: खाली घट्ट, वर मऊ. नुसता मऊ फोम पहिला अर्धा तास सुख देतो, मग माणूस त्यात बुडून थेट पत्र्यावर बसतो. उंच हँडल मी टाळलं, त्यानं केबली ताणल्या जातात आणि हात वर राहून खांदे भरून येतात. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर तर नकोच. दवाखान्यासमोरून, शाळेसमोरून जाताना त्या आवाजाचा त्रास कुणाला होतो हे ज्याला कळतं, त्यानं तो लावू नये.

नवं इंजिन रुळवताना एकाच वेगानं लांब पळवू नये. वेग कमी-जास्त करत राहावं, चढावर कोंडू नये, आणि पहिलं ऑइल लवकर काढावं, कारण सुरुवातीची धातूची भुकटी त्यातच असते. रुळल्यावर मी गाडी आंबा घाटात नेली. चढताना घाई न करता तिसऱ्यात शांत चढली. वळणावर मात्र क्रूझरची मर्यादा ओळखून राहावं लागतं: फूटरेस्ट खाली असल्यामुळे जास्त कललं की ते रस्त्याला घासतात. वळणाआधीच वेग उतरवायचा, वळणात ब्रेकला हात लावायचा नाही. उतरताना मागचा ब्रेक, पुढचा ब्रेक आणि इंजिनाचं ब्रेकिंग यांची वाटणी हाताला हळूहळू उमगत गेली. खाली साखरप्यात थांबून डिस्क बघितली. गरम होती, पण लिव्हर जिथल्या तिथे घट्ट.

अजून एक काम अडलं आहे. इंजिनाचे भाग पल्सरमुळे मिळतात, पण जे फक्त अ‍ॅव्हेंजरचं आहे ते झपाट्यानं दुर्मीळ होतंय: बाजूची कव्हरं, टाकीवरची पट्टी, टाकीवरच बसवलेला पेट्रोलचा काटा. हे भाग दिसतील तेव्हा गरज नसली तरी घेऊन ठेवावेत, असं मी जुन्या क्रूझरच्या प्रत्येक मालकाला सांगते. माझा पेट्रोलचा काटा मेलेला आहे. पुण्यात नाना पेठेतली दुकानं पालथी घातली, साताऱ्यात विचारलं, उद्यमनगरातल्या भंगारवाल्यांना सांगून ठेवलंय. तोवर दर वेळी टाकी भरताना किलोमीटरचा आकडा वहीत लिहिते. चौदा लिटरची टाकी, लिटरला पस्तीसच्या आसपास, म्हणजे चारशे व्हायच्या आत पंप. २००७ ते २०१० मधल्या गाडीचा चालू काटा कुणाकडे पडून असेल तर मला हवा आहे, योग्य ती किंमत देईन.